चंद्राचें चित्र : भिंग आणि तिपाई

कोजागरीच्या रात्रीं गच्चीवर दूध आटत असतां घरांतील एखादा उत्साही तरुण कॅमेरा घेऊन पुढें येतो, तो चंद्राकडे रोखतो आणि कळ दाबतो. मंडळी मोठ्या आशेनें चित्र पाहावयास जमतात; आणि पाहतात तों काय, काळ्या पटावर पांढऱ्या शाईचा एक ठिपका! ज्या चंद्रावर आजीला ससा दिसतो, त्याच्यावर त्या यंत्राला कांहींच दिसूं नये याचें सर्वांस नवल वाटतें. मग कोणी म्हणतो, "याला मोठें भिंग पाहिजे". आणि दुसऱ्या दिवशीं दुकानांत भिंगांच्या किंमतींची चौकशी सुरू होते.

भिंग मोठें घ्यावें ही सूचना चुकीची नव्हे. पण ती अर्धी आहे. चंद्राचें चित्र घेण्याचा खटाटोप ज्यांनीं प्रथम केला, त्यांचीं वर्षांमागून वर्षें भिंगाच्या निवडीइतकींच दुसऱ्याहि एका गोष्टींत खर्च झालीं. ती गोष्ट म्हणजे भिंगाखालची बैठक. आज आपण जिला तिपाई किंवा ट्रायपॉड म्हणतों तिचा, व तिच्या थोरल्या भावंडांचा, इतिहास कोणी फारसा सांगत नाहीं. कारण चित्राखालीं नांव येतें तें चित्रकाराचें, क्वचित् भिंगाचें. तिपाईचें कधींच येत नाहीं. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा असा आमचा विचार आहे.

इ. स. १८३९ च्या जानेवारीच्या ७ तारखेस पॅरिस येथील विज्ञान अकादमीपुढें ज्योतिषी आरागो यांनीं दागेर यांच्या नव्या कलेची वार्ता सांगितली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाश स्वतःच चित्र काढतो, ही ती वार्ता. त्याच वर्षीं सरकारी प्रतिनिधींपुढें निवेदन करतांना आरागो यांनीं चंद्राचा मुद्दाम उल्लेख केला. चंद्राचा नकाशा काढणें हें ज्योतिषांतील अत्यंत दीर्घ व किचकट काम. तें आतां कांहीं मिनिटांत उरकेल, अशी त्यांस आशा होती. या आशेचें मोल कळण्यास मागची हकीकत ध्यानांत घेतली पाहिजे. बर्लिनच्या बेअर व मेडलर या जोडीनें १८३४ पासून १८३६ पर्यंत जो चंद्राचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला, तो पावणेचार इंची दुर्बिणीस डोळा लावून, सुमारें ६०० रात्री जागून, हातानें काढलेला होता. सहाशें रात्रींचें काम कांहीं मिनिटांत! परंतु दागेर यांनीं स्वतः प्रयत्न करून पाहिला, तेव्हां पत्र्यावर एक पुसट डाग तेवढा उमटला. डोळ्यांना सहज दिसणारा तपशीलहि त्यांत उतरला नाहीं.

असें कां व्हावें? येथें थोडें गणित करणें प्राप्त आहे. चंद्राचें बिंब आपल्या डोळ्याशीं सुमारें अर्ध्या अंशाचा कोन करतें. म्हणून कोणत्याहि भिंगामागें पडणारी त्याची प्रतिमा त्या भिंगाच्या नाभ्यंतराच्या सुमारें ११० व्या हिश्शाएवढी असते. घरगुती कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटर भिंगानें ती अर्धा मिलिमीटरहि भरत नाहीं. ५०० मिलिमीटरच्या भिंगानें साडेचार मिलिमीटर, व १००० मिलिमीटरच्या भिंगानें नऊ मिलिमीटर भरते. गच्चीवरच्या ठिपक्याचें एक कारण हें. पण भिंगानें चंद्र मोठा होतो त्याबरोबर चंद्राची चालहि मोठी होते. पृथ्वीच्या फिरण्यामुळें आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतें. म्हणजे सुमारें दोन मिनिटांत चंद्र आपल्या बिंबाएवढी वाट चालून जातो. शिवाय ताऱ्यांतून पूर्वेकडे त्याची स्वतःची गति तासाला सुमारें अर्धा अंश आहे ती वेगळीच. त्यामुळें ताऱ्यांच्या मागें बिनचूक चालणारें यंत्रहि चंद्राला हळूहळू चुकतें. भिंग वाढवावें तसतसा बैठकीवरचा भार वाढतो, हा या विद्येंतला पहिला नियम आहे. व तो पुस्तकांत वाचून नव्हे, तर फसलेल्या चित्रांवरूनच त्या काळच्या लोकांस शिकावा लागला.

पहिलें यश न्यूयॉर्क येथील रसायनशास्त्राचे अध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांच्या पदरीं पडलें. १८४० च्या मार्चच्या २३ तारखेस त्यांनीं तेथील विद्वत्सभेपुढें सुमारें इंचभर व्यासाचें चंद्राचें चित्र घेतल्याचें सांगितलें. त्यासाठीं पत्रा २० मिनिटें उघडा ठेवावा लागला होता. वीस मिनिटांत आकाश पांच अंश सरकतें; म्हणजे चंद्र आपल्या बिंबाच्या दसपट अंतर तोडून गेलेला असतो. ड्रेपर यांच्यापाशीं चंद्रामागें फिरणारी मोठी दुर्बीण नव्हती. आपल्या प्रयोगांत त्यांनीं फिरत्या आरशाचें यंत्र वापरलें; आकाशांतील तेज सरकलें तरी हा आरसा त्याचे किरण एकाच दिशेस परतवीत राहतो, व भिंग जागच्या जागीं स्थिर राहूं शकतें. चित्रांत चंद्राचे काळे भाग जेमतेम ओळखूं येत. तथापि चंद्राला मानवानें प्रथम पत्र्यावर बसविलें तें अशा रीतीनें.

ज्यांच्यापाशीं उत्तम भिंग होतें त्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेनें १८४७ सालीं म्यूनिकच्या कारागिरांकडून १५ इंची भिंगाची दुर्बीण आणविली. त्या काळीं जगांत तिच्या तोडीच्या दुर्बिणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याहि नव्हत्या. वेधशाळेचे प्रमुख विल्यम क्रँच बाँड व बोस्टनचे छायाचित्रकार जॉन ॲडम्स व्हिपल यांनीं तिनें घेतलेलीं चंद्राचीं चित्रें १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत ठेविलीं. लोक तीं पाहून थक्क झाले व व्हिपल यांस पदक मिळालें. परंतु दुर्बीण फिरविणारें घड्याळ एकसारखें चालत नसे. तें थोडें अडखळे, थोडें झटका देई, आणि प्रत्येक झटका पत्र्यावर उमटे. अखेर हें काम थांबवावें लागलें, आणि नवें चालकयंत्र मिळाल्यावर १८५७ सालीं तें पुन्हा हातीं घेतलें गेलें. जगांतलें उत्तमांतलें भिंग मध्यंतरीं बैठकीच्या दोषापायीं या कामापुरतें निकामी होऊन राहिलें.

त्याच प्रदर्शनांत व्हिपल यांचें चित्र पाहून एका गृहस्थाच्या मनानें घेतलें कीं, आपणहि हें करावें. हे वॉरन द ला रू. यांचा धंदा कागदाचा व छपाईचा. आपल्या वाचकांस यांच्या घराण्याच्या कारखान्याचें काम अपरिचित नाहीं; कारण १८५५ पासून पुढें सुमारें सत्तर वर्षें हिंदुस्थानच्या टपालाचीं तिकिटें त्याच कारखान्यांत छापलीं जात, व पुढें तें काम आपल्या नाशिकच्या मुद्रणालयाकडे आलें. द ला रू यांनीं १३ इंची धातूचा आरसा स्वतः घांसून तयार केला. भिंगाऐवजीं आरसा घेण्यांत मोठा फायदा होता. भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या जागीं एकत्र करतें. आरसा सर्वांना एकाच जागीं आणतो. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची रीत हाताशीं आल्यामुळें पूर्वीच्या मिनिटांच्या जागीं आतां सेकंद पुरे होऊं लागले होते.

पण द ला रू यांच्या दुर्बिणीला चालकयंत्र नव्हतें. तेव्हां १८५२ च्या अखेरीस त्यांनीं एक युक्ति केली. कांच बसविण्याची चौकट चंद्राच्या चालीच्या दिशेनें सरकेल अशी बसविली, आणि चंद्रावरचें एखादें ठळक विवर हेरून, त्यावर नजर खिळवून, ती चौकट हातानें हळूहळू सरकवीत राहिले. कांहीं सेकंदांचाच प्रश्न. पण तेवढ्या वेळांत श्वासाचा धक्काहि लागतां कामा नये. ओली कांच वाळण्यापूर्वीं सर्व विधि उरकावयाचा, आणि पुन्हा पहिल्यापासून दुसरी कांच तयार करावयाची. चित्रें निघालीं, तीं चांगलींहि होतीं. परंतु चांगल्यांपेक्षां वायां जाणाऱ्या कांचांची संख्या फार होऊं लागली, आणि त्यांनीं चालकयंत्र मिळेपर्यंत हें काम बाजूस ठेविलें. १८५७ सालीं लंडनबाहेर क्रॅनफर्ड येथें नवी वेधशाळा थाटून तेथें घड्याळानें चालणारी बैठक बसविल्यावरच त्यांचीं जगप्रसिद्ध चित्रें निघालीं. चंद्र किंचित् डोलत असल्यामुळें निरनिराळ्या वेळीं त्याची थोडी वेगळी बाजू दिसते. या डोलण्याचा उपयोग करून दोन चित्रें जोडीनें पाहिल्यास चंद्राचा गोल प्रत्यक्ष पुढें आल्यासारखा वाटतो, हेंहि त्यांनीं लोकांस दाखविलें.

भिंगाची खरी निवड म्हणजे काय, हें न्यूयॉर्कच्या लुइस मॉरिस रदरफर्ड यांनीं शिकविलें. हे वकिली सोडून ज्योतिषाकडे वळलेले गृहस्थ. दुर्बिणींत चंद्र अगदीं रेखीव दिसावा आणि कांचेवर मात्र तो पुसट उमटावा, याचें कारण त्यांनीं शोधून काढिलें. डोळा मुख्यतः पिंवळ्या व हिरव्या किरणांनीं पाहतो. त्या काळच्या कांचा निळ्या व जांभळ्या किरणांनींच काय तें पाहत. नेहमींचें भिंग डोळ्यासाठीं घडविलेलें, म्हणून डोळ्यानें जेथें चित्र स्पष्ट दिसे तेथें कांचेला तें अस्पष्टच दिसणार. तेव्हां रदरफर्ड यांनीं सव्वाअकरा इंची असें एक भिंग घडविलें कीं, तें केवळ कांचेसाठींच होतें. त्यांतून डोळ्यानें पाहूं गेल्यास कांहीं धड दिसत नसे. त्या भिंगानें १८६५ च्या मार्चच्या ६ तारखेस त्यांनीं घेतलेलीं चित्रें पुढें कित्येक वर्षें आदर्श मानलीं गेलीं. भिंग मोठें आहे कीं लहान हा प्रश्न दुसरा. तें कोणासाठीं पाहणार आहे हा पहिला, हें या उदाहरणावरून दिसून येईल.

पहिल्या ड्रेपर यांचे चिरंजीव हेन्री ड्रेपर यांची युक्ति आपणांस विशेष वाटेल. त्यांनीं साडेपंधरा इंची रुपेरी कांचेचा आरसा स्वतः तयार केला. एवढी अवजड दुर्बीण एकसारखी फिरविणें कठीण. म्हणून त्यांनीं ती स्थिर ठेविली आणि केवळ चित्राची कांचच सरकविली. व ती सरकविण्यास चाकांचें घड्याळ न घेतां पाण्याच्या घड्याळाचें तत्त्व योजिलें. पाणी संथपणें वाहून जाई व त्याबरोबर कांच संथपणें सरके; दांतेरी चाकांचे धक्के तिला लागत नसत. आपल्या जुन्या ज्योतिष्यांचें घटिकापात्र ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या योजनेंतील शहाणपण चटकन् समजेल. १८६३ च्या सुमारास घेतलेल्या त्यांच्या चित्रांपैकीं एक इतकें रेखीव होतें कीं, तें तीन फुटांपर्यंत वाढविलें तरी पाहण्यासारखें राही.

आरागो यांची आशा खऱ्या अर्थानें पुरी झाली ती पॅरिसमध्येंच. तेथील वेधशाळेंत लेव्ही व प्युइझो यांनीं १८९६ ते १९१० या काळांत चंद्राचा छायाचित्रमय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांच्या दुर्बिणीचें भिंग ६० सेंटिमीटरचें व नाभ्यंतर १८ मीटर. वर सांगितलेल्या नियमानें चंद्राची प्रतिमा सुमारें १६ सेंटिमीटर भरे. ती दुर्बीण कोंपरांत वांकविल्यासारखी होती. आरशांच्या योगें प्रकाश नळीच्या अक्षांतून खालीं येई, व पाहणारा एका जागीं बसून काम करी. कांहीं मिनिटांत उरकावयाचें म्हणून जें सांगितलें होतें, त्याला या प्रकारें ७१ वर्षें लागलीं.

या इतिहासाचा एक प्रसंग आपल्या महाराष्ट्रांतहि घडला आहे. १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस कोंकण किनाऱ्यापासून पुढें देशावर खग्रास सूर्यग्रहण दिसलें. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकियर येऊन उतरले. आणि सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीं तळ दिला. त्यांनीं बरोबर आणलेल्या कॅमेऱ्याचें भिंग अवघें ५ इंची. पण त्याचें नाभ्यंतर ४० फूट! चंद्राची काळी तबकडी व तिच्याभोंवतालचें प्रभामंडळ त्यानें सुमारें साडेचार इंची मापावर उमटणार होतें. एवढ्या लांब यंत्राला तिपाई कोठून आणावी? भिंगाचा आधार वेगळा, कांचेचा आधार वेगळा, आणि मधली नळी दोहोंपासून सुटी, अशी ती रचना. म्हणजे नळीला वारा लागला तरी त्याचा कंप भिंगास पोंचूं नये. कांच घड्याळाच्या योगें सूर्याबरोबर सरके. खग्रास स्थिति जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठीं जेऊरच्या माळावर कित्येक दिवस ही बैठकच सिद्ध होत होती.

त्याच जेऊरला पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला हे अध्यापकहि आपलीं यंत्रें घेऊन गेले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नांवाजलेल्या संस्थेंत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें व मुंबई सरकारच्या तितक्याच साह्यानें महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती. तिच्यासाठीं डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून आलेली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. पण या वेधशाळेचा सर्व भार एकट्या नायगमवाला यांच्यावर होता. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां वेधशाळा बंद करण्यांत आली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. आरसा होता, बैठक होती, चालकयंत्र होतें. या सर्वांखालीं जी आणखी एक बैठक लागते, म्हणजे हातचें काम पुढें नेणाऱ्या शिष्यांची परंपरा, ती मात्र घडली नव्हती. हार्वर्डच्या भिंगाची जी गत घड्याळाअभावीं झाली, तीच पुण्याच्या दुर्बिणीची माणसांअभावीं झाली, असें आम्हांस वाटतें. फरक इतकाच कीं, हार्वर्डला नवें घड्याळ मिळालें.

विसाव्या शतकांत फिल्म वेगवान् झाली, भिंगें सुधारलीं, आणि चंद्र वेधशाळेंतून सामान्य माणसाच्या हातीं आला. १९४१ च्या नोव्हेंबरच्या १ तारखेस न्यू मेक्सिको प्रांतांतील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला पाहून ॲन्सेल ॲडम्स या छायाचित्रकारानें घाईघाईनें मोटारीच्या टपावरील फळीवर तिपाई उभी केली. प्रकाश मोजण्याचें उपकरण त्यास सांपडेना. पण चंद्राच्या पृष्ठाची तेजस्विता दर चौरस फुटास २५० मेणबत्त्यांइतकी असते हें त्यास पाठ होतें. त्यावरून त्यानें मनांतल्या मनांत हिशेब केला व एक फिल्म घेतली. दुसरी घेण्यापूर्वींच खेड्यावरचा प्रकाश मावळला. पुढें त्याला या चित्राची तारीखहि आठवेना; ती गणित्यांनीं चित्रांतल्या चंद्राच्या स्थानावरून शोधून काढिली. १९५९ च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस रशियाच्या लूना-३ यानानें चंद्राची मागची बाजू मानवास प्रथम दाखविली, तेव्हां त्यांतील भिंगें २०० व ५०० मिलिमीटरचीं, म्हणजे आज बाजारांत मिळणाऱ्या मापांचींच होतीं. अपूर्व होती ती बैठक: आधाराला जमीन नसतां तें यान आकाशांत स्वतःला चंद्राच्या रोखानें स्थिर करून घेत होतें.

आतां पुन्हा गच्चीवर येऊं. चंद्र रात्रीं दिसतो म्हणून तो अंधारांतला पदार्थ नव्हे. तो उन्हांत पडलेला खडक आहे. कॅमेरा सभोंवारचा काळोख पाहून फार प्रकाश घेतो आणि चंद्र जळून पांढरा होतो. म्हणून यंत्राच्या अकलेवर न विसंबतां छिद्र एफ-११ वर ठेवावें, आणि फिल्मची अगर यंत्राची संवेदनशीलता १०० असल्यास पूर्ण चंद्रास एक-शतांश सेकंद द्यावा. अष्टमीच्या चंद्रास त्याच्या सुमारें चौपट. आमचा आग्रह अष्टमीचाच आहे. पौर्णिमेस सूर्य चंद्राच्या समोरून तळपत असल्यामुळें तेथील पर्वतांच्या सांवल्या पडत नाहींत व चित्र सपाट येतें. शुद्ध सप्तमी-अष्टमीस उजेड-अंधाराच्या सीमेवर प्रत्येक विवराची कड उठून दिसते.

भिंग ४०० ते ६०० मिलिमीटरचें असलें म्हणजे आरंभास पुरे. एक-शतांश सेकंदांत १००० मिलिमीटरच्या भिंगामागेंहि चंद्राची प्रतिमा हजारांश मिलिमीटरहून कमी सरकते. तेव्हां द ला रू यांस ज्या गतीनें छळलें तिचें भय आपणांस उरलेलें नाहीं. उरला आहे तो कंप. कळ दाबणाऱ्या बोटाचा, वाऱ्याचा, गच्चीवर धांवणाऱ्या मुलांचा. म्हणून लांब भिंग असेल तर तिपाईला कॅमेरा न जोडतां भिंगच जोडावें, म्हणजे तोल सांवरतो. पाय फांकवून ठेवावे, मधली दांडी उंच करूं नये, खालीं वजनदार पिशवी टांगावी, व बोटाऐवजीं कांहीं सेकंदांनीं आपोआप सुटणारी कळ योजावी. तिपाई विकत घेतांना एक परीक्षा करावी: भिंग चढवून त्यास हलकेंच टिचकी मारावी, आणि मोठी करून पाहिलेली प्रतिमा स्थिर होण्यास किती सेकंद लागतात तें मोजावें. ज्या तिपाईवर ती लौकर निश्चल होते, ती दिसावयास कशीहि असो, घ्यावी. पैसे मोजकेच असतील तर भिंगांतले कांहीं कापून तिपाईस द्यावे, असेंच आम्ही सांगूं.

ही केवळ छंदी माणसांसाठीं सूचना नव्हे. नव्या दुर्बिणीची, नव्या प्रयोगशाळेची, नव्या ग्रंथालयाची बातमी आली कीं आपण तिच्या भिंगाचें माप विचारतों. तिच्याखालीं कोण उभें आहे व त्याच्यामागून कोण उभें राहणार आहे, हें विचारीत नाहीं. पुण्याच्या वेधशाळेच्या बाबतींत तें वेळींच विचारलें गेलें असतें, तर ती दुर्बीण कदाचित् आणखी कित्येक वर्षें पुण्याच्या आकाशाकडे रोखलेली राहिली असती. येत्या अष्टमीस ज्या घरांत कॅमेरा बाहेर निघेल, तेथील वडील माणसांनीं मुलाला भिंग तर द्यावेंच. पण दोन-चार रात्री त्याच्याबरोबर तिपाईपाशीं उभेंहि राहावें.